आजोबांच्या कपाटातले चिनी मातीचे तीन चेहरे : हे कोण, कधीचे, आणि तुटलेला त्रिशूळ जोडावा का?

सदाशिवपेठेतून (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार. सदाशिव पेठेतला आमचा जुना वाडा पुनर्बांधणीसाठी रिकामा करताना माळ्यावरच्या ट्रंकेत, जुन्या वर्तमानपत्रांत आणि आजीच्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळलेले चिनी मातीचे तीन जग (पेय ओतायची कान असलेली भांडी) हाती आले. आजोबा व्यापारी जहाजावर इंजिनिअर होते. १९७४ साली निवृत्त होऊन ते कायमचे पुण्यात आले, त्यामुळे हे जग त्याआधी केव्हातरी इंग्लंडच्या एखाद्या बंदरातून आणलेले असावेत, एवढेच घरात सांगितले जाते. आजी होती तोवर ते दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात असत आणि आम्हा नातवंडांना त्यांना हात लावायची परवानगी नसे.

प्रत्येक जग म्हणजे खांद्यापर्यंतचे एक पुरुषी डोके आहे. वरून ते पोकळ आहे आणि एका अंगाला धरण्यासाठी कान आहे. (येथे मी कपाच्या कानासारखा कान म्हणतो आहे, चेहऱ्याचा नव्हे.) पहिल्याच्या डोक्यावर द्राक्षांची पाने आणि घोस असून त्याचा कान पिळदार वेलीचा आहे. दुसरा दाढीवाला असून त्याचा कान म्हणजे एक त्रिशूळ आणि त्याला बिलगलेला मासा. त्रिशूळ आणि मासा एकत्र पाहून आजीने त्याला मच्छिंद्रनाथ ठरवले होते आणि आजही घरात सगळे त्याला त्याच नावाने ओळखतात. तिसरा एक म्हातारा आहे आणि त्याच्या कानाच्या जागी घुबड बसलेले आहे. घरात घुबड दिसायला नको म्हणून आजी तो जग अशा कोनात ठेवत असे की घुबड भिंतीकडे जाई. तिन्हींची उंची साडेसहा ते सव्वासात इंचांच्या दरम्यान आहे.

कपाटाच्या काचेला ओरखडे पडू नयेत म्हणून आजोबांनी तिन्हींच्या तळाला बनातीचे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे, तुकडे चिकटवले होते. द्राक्षांच्या जगाची बनात आता आपोआप सुटली आहे. तिच्याखाली मुकुटावर उभा असलेला सिंह, ‘रॉयल डौल्टन’ आणि ‘मेड इन इंग्लंड’ ही अक्षरे, ‘बॅकस’ हे नाव, ‘डी ६४९९’ हा क्रमांक आणि कॉपीराइटच्या ओळीत १९५८ हे साल दिसते. म्हणजे हा जग १९५८ सालचा, असे मी धरून चाललो आहे. इतर दोघांची बनात घट्ट आहे आणि ती ओढून काढावी की नाही, याचा मला निर्णय करता येत नाही.

मच्छिंद्रनाथांच्या त्रिशूळाच्या तीन टोकांपैकी एक तुटलेले आहे. आजीने ते टोक काड्यापेटीत जपून ठेवले होते आणि ते ट्रंकेतच मिळाले. ते कसे जोडावे, हा माझा दुसरा प्रश्न आहे. तिसरा प्रश्न जरा निराळा आहे. एका विक्रेत्याकडे मला असाच एक लाल रंगाचा, दोन तोंडे असलेला जग दाखवण्यात आला. एक तोंड हसरे, दुसरे रागीट. तो ‘मेफिस्टोफिलीस’ असून फार दुर्मीळ आहे असे सांगून त्याने मोठी किंमत मागितली. त्याच्या तळाला मात्र काहीच छापलेले नाही. आजोबांच्या तिघांच्या जोडीला तो घ्यावा, असे मनात येते. कृपया मार्गदर्शन करावे.

कॅम्पातला संग्राहक

नमस्कार. आपण वर्णन इतके नेमके केले आहे की छायाचित्र नसतानाही तिघांची ओळख पटवता येते, आणि ती चेहऱ्यावरून नव्हे तर आपण ज्याला कान म्हटले आहे त्यावरून पटते. हीच या जगांची खरी गंमत आहे. दाढी, मिशा, भुवया आणि गालांवरची लाली हे सारे अनेक जगांत सारखेच भेटते, कारण शिल्पकाराला चेहऱ्यासाठी मिळणारी जागा ठरावीक असते. व्यक्तिरेखेची कथा सांगण्यासाठी तो कानाचा उपयोग करतो. वेल असेल तर मद्याचा देव, त्रिशूळ आणि मासा असेल तर समुद्राचा देव, घुबड असेल तर मांत्रिक. याच रॉयल डौल्टन कंपनीच्या सेंट जॉर्जच्या जगाला तर त्याने मारलेल्या ड्रॅगनचाच कान आहे. म्हणूनच कान तुटलेला किंवा बदललेला जग संग्राहकाच्या दृष्टीने जवळजवळ अर्धा होऊन जातो, आणि आपल्या त्रिशूळाच्या टोकाकडे आपण गांभीर्याने पाहत आहात याचा मला आनंद वाटतो.

आपला पहिला जग बॅकस, म्हणजे ग्रीकांच्या डायोनिससला रोमनांनी दिलेले रूप. दुसरा नेपच्यून, ग्रीकांकडे त्याचेच नाव पोसायडन. तिसरा मर्लिन. तो देव नाही. राजा आर्थरच्या कथांतला तो ज्ञानी मांत्रिक असून बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथने लॅटिनमध्ये लिहिलेल्या ब्रिटनच्या राजांच्या इतिहासातून त्याची कीर्ती युरोपभर झाली. घुबड पाहून काही जण तो, घुबड हे जिचे चिन्ह आहे त्या ग्रीक अथेना देवीशी जोडतात, परंतु दाढीवाल्या म्हाताऱ्याचा अथेनेशी संबंध लावण्याचे कारण नाही.

आता वयाबद्दल. तळावरचे कॉपीराइटचे साल हे त्या नमुन्याच्या नोंदणीचे साल असते. हा विशिष्ट जग भट्टीतून कधी बाहेर आला, ते त्यावरून कळत नाही. नवीन संग्राहकांची येथे हमखास फसगत होते, आणि माझीही सुरुवातीची दोन-तीन वर्षे झाली होती. बॅकसचा मोठा जग १९५९ साली बाजारात आला आणि १९९१ पर्यंत निघत राहिला. या सगळ्या काळात तळावर साल मात्र १९५८ चेच होते. मर्लिन १९६० ते १९९८ आणि नेपच्यून १९६१ ते १९९१ या काळातले. म्हणजे केवळ तळ पाहून आपल्याला तीस ते अडतीस वर्षांचा पट्टा मिळतो, आणि तो अरुंद करण्याचे काम आपल्या आजोबांनी करून ठेवले आहे. ते १९७४ मध्ये परतले असतील तर तिन्ही जग १९५९ ते १९७४ या काळातले ठरतात. म्हणून आजोबांच्या नोकरीची कागदपत्रे, जहाजांच्या नोंदी असलेली पुस्तिका किंवा एखादे पत्र मिळाले, तर ते जगांच्या सोबतच जपून ठेवा. तळावरच्या शिक्क्याइतकाच तो पुरावा मोलाचा आहे.

या काळातल्या जगांबाबत आणखी एक तपासणी करण्यासारखी आहे. डौल्टनचे बहुतेक जग साध्या, अपारदर्शक मृत्तिकेचे असत, परंतु १९६० च्या दशकाच्या शेवटी आणि १९७० च्या सुरुवातीच्या थोड्या वर्षांत ते एका निराळ्या, प्रकाश झिरपू देणाऱ्या चिनी मातीत घडवले गेले. अंधाऱ्या खोलीत जगाच्या आत छोटी विजेरी धरून पाहा. पातळ भागांतून उजेड झिरपताना दिसला आणि जग हाताला अपेक्षेपेक्षा हलका व रेषांना धारदार वाटला, तर तो त्या थोड्या वर्षांतला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि आजोबांच्या निवृत्तीच्या सालाशीही ते जुळते.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण आपल्याकडे याविषयी मराठीत फारसे लिहिलेले मिळत नाही. जॉन डौल्टन यांचा कारखाना १८१५ साली लंडनच्या लॅम्बेथ भागात सुरू झाला. १८७७ मध्ये कंपनीने स्टॅफर्डशायरमधल्या बर्स्लेम येथील नाइल स्ट्रीटच्या कारखान्यात भागीदारी घेतली, आणि आपले जग ज्या परंपरेतले आहेत ती परंपरा याच बर्स्लेमची. तेथील मृत्तिकाकार अठराव्या शतकात टोबी जग करत असत. टोबी म्हणजे तीन कोनांची टोपी घालून हातात पेला धरून बसलेला अख्खा माणूस. फक्त डोके आणि खांदे असलेला जग हा त्याचा पुढचा अवतार असून तो घडवला डौल्टनचे कलासंचालक चार्ल्स नोक यांनी, १९३४ साली. त्यांचा पहिला जग जॉन बार्लीकॉर्नचा होता. इंग्रजी लोकपरंपरेत हे सातूच्या पिकाचे मानवी रूप आहे. पीक कापले जाते, झोडपले जाते, दळले जाते आणि शेवटी मद्याच्या रूपाने पुन्हा जिवंत होते. या प्रकाराची सुरुवातच अशी एका शेतकरी दंतकथेपासून झाली, ही गोष्ट मला फार आवडते. आपला बॅकस आणि नेपच्यून हे दोघे मॅक्स हेंक या शिल्पकाराचे आहेत. नाइल स्ट्रीटचा कारखाना २००५ साली बंद झाला.

किमतीबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. हे तिन्ही जग तीन दशके किंवा त्याहून अधिक काळ निघत राहिले, त्यामुळे ते दुर्मीळ म्हणता येणार नाहीत. कुणी फार मोठ्या रकमेचे आमिष दाखवून विकत घेऊ लागला, किंवा उलट ‘याला काही किंमत नाही’ म्हणून मागू लागला, तरी दोन्ही वेळा थांबावे. आपल्या घरात त्यांचे जे स्थान आहे ते बाजार भरून देऊ शकणार नाही.

आणि दोन तोंडांच्या त्या लाल जगाबद्दल स्पष्टपणे लिहितो : घेऊ नका. मेफिस्टोफिलीस हा जग खरोखर आहे. जर्मन फाउस्ट-कथेतल्या सैतानाचा तो दोन चेहऱ्यांचा जग १९३७ ते १९४८ या काळात निघाला, मध्ये महायुद्ध होते, त्यामुळे तो कमी आढळतो आणि महाग आहे. परंतु तळ कोरा असलेल्या जगाला त्याचे नाव देऊन त्याची किंमत मागणे योग्य नाही. एक सोपी कसोटी आहे. खऱ्या जगावरून साचा काढून नक्कल केली, तर माती सुकताना आणि भाजताना आकसते, म्हणून नक्कल मूळ जगापेक्षा लहान निघते आणि भुवया, ओठ, केस यांच्या रेषा बोथट होतात. दुसरे असे की डौल्टनच्या जगांचे रंग भट्टीत भाजून पक्के झालेले असतात. ओल्या कापसाने हलकेच पुसल्यावर कापसाला लाल रंग लागला, तर तो रंग भट्टीनंतर वरून लावलेला आहे असे समजावे.

नदीपात्राजवळून

कॅम्पातले काका फार सविस्तर लिहून गेले आहेत. मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी असल्यामुळे आपल्या आजीच्या मच्छिंद्रनाथांबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही.

आजींची ओळख चुकीची होती असे म्हणताना मला संकोच वाटतो, कारण त्यांनी वाचनाची पद्धत अगदी बरोबर वापरली होती. मूर्तिशास्त्रात आम्हाला पहिल्या वर्षी हेच शिकवतात की देवाची ओळख चेहऱ्यावरून करू नये, हातातली आयुधे आणि वाहन पाहून करावी. त्रिशूळ आणि मासा पाहून त्या नाथपंथापर्यंत पोहोचल्या, कारण त्यांच्या परिचयाच्या विश्वात ही दोन चिन्हे तेथेच एकत्र येत होती. नेपच्यूनचा त्रिशूळ मात्र शस्त्र असला तरी मुळात मासे मारण्याच्या तीन टोकांच्या भाल्याशी नाते सांगणारा आहे. पोसायडन तो जमिनीवर आपटून भूकंप घडवतो आणि खडकातून पाणी काढतो, अशा कथा ग्रीकांकडे आहेत.

यापुढची गोष्ट कदाचित आपल्याला ठाऊक नसेल. समुद्राचा हा देव आजोबांच्या जहाजातून महाराष्ट्रात पहिल्यांदा आलेला नाही. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी येथे सापडलेल्या कांस्यवस्तूंत पोसायडनची एक लहान मूर्ती आहे आणि ती कोल्हापूरच्या टाउन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९४५-४६ साली ब्रह्मपुरीचे उत्खनन केले आणि तेथील सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. रोमन साम्राज्याशी होणाऱ्या व्यापारातून ही मूर्ती दख्खनमध्ये पोहोचली. कधी कोल्हापूरला जाणे झाले तर आपल्या जगाचे छायाचित्र सोबत घेऊन तिच्यासमोर उभे राहावे, असे मी मनापासून सुचवते.

मानवी डोक्याच्या आकाराचे पात्र करण्याची कल्पनाही फार जुनी आहे. अथेन्सच्या कुंभारांनी इसवी सनापूर्वी सहाव्या आणि पाचव्या शतकांत डोक्याच्या आकाराची मद्यपात्रे केली. त्यांत डायोनिसस आणि त्याचे अनुचर सॅटर येतात, आणि पाठीला पाठ लावलेल्या दोन चेहऱ्यांची पात्रेही येतात. पेरूमधल्या मोचे संस्कृतीच्या कुंभारांनी प्रत्यक्ष माणसांची वाटावीत अशी मुखपात्रे घडवली. ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात सोळाव्या-सतराव्या शतकांत दाढीवाल्या चेहऱ्याचे दगडी मातीचे सुरईवजा जग होत असत, आणि इंग्लंडमध्ये त्यांना कार्डिनल बेलार्मिन या कॅथलिक धर्मगुरूंचे नाव चिकटले. आपला बॅकस पेल्यावर चेहरा होऊन बसला आहे, तेव्हा तो आपल्या जुन्याच जागी बसला आहे असे मला वाटते.

प्रभात रोडवरून

त्रिशूळाच्या टोकासाठी एवढा विचार कशाला करायचा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. बाजारात दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद मिळतो. दोन्ही समान प्रमाणात मिसळून टोक चिकटवावे, जोड घासून सपाट करावा आणि त्यावर जुळता रंग व वॉर्निश द्यावे. मी आमच्या घरच्या चहाच्या किटलीचे तोंड असेच जोडले असून आठ वर्षे ते टिकले आहे. वस्तू घरात ठेवायची आहे, विकायची नाही, तर ती पूर्ण दिसणे महत्त्वाचे. तुटका त्रिशूळ रोज पाहून मनाला जो त्रास होतो त्याचाही विचार करायला हवा.

मृत्तिका-संवर्धन

मी वस्तुसंग्रहालयांतील मातीच्या आणि चिनी मातीच्या वस्तूंच्या जतनाचे काम करते. प्रभात रोडच्या दादांचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. वस्तू पूर्ण दिसावी ही इच्छा स्वाभाविक आहे आणि घरगुती वस्तूला वस्तुसंग्रहालयाचे सगळेच नियम लावण्याची गरज नसते. मात्र त्यांनी सांगितलेल्या पद्धतीतल्या दोन गोष्टींना मी ठामपणे नकार देईन.

पहिली गोष्ट घासण्याची. जोड सपाट करण्यासाठी कागद घासला की तो आजूबाजूच्या मूळ झिलईवरही, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरावरही फिरतो, आणि झिलईवर उमटलेले ओरखडे पुन्हा कधीही काढता येत नाहीत. मग ते ओरखडे झाकण्यासाठी रंग आणखी पुढे पसरवला जातो. चार मिलिमीटरच्या जोडासाठी अर्धा कान रंगवलेला मी पाहिला आहे, आणि त्याच्या खालचा मूळ रंग सुस्थितीत असल्याचे नंतर लक्षात आले तेव्हा फार वाईट वाटले. दुसरी गोष्ट गोंदाची. बाजारातले बहुतेक इपॉक्सी काही वर्षांत पिवळे पडतात, आणि पुढे कुणाला जोड सोडवून नीट करायचा झाला तर ते सहजासहजी सुटत नाहीत. किटली रोज उकळत्या चहाला तोंड देते, तिथे मजबुती महत्त्वाची आहे. त्रिशूळाच्या टोकावर मात्र कोणताच भार येत नाही. म्हणून तेथे ‘पॅरालॉइड बी-७२’ हे ॲक्रिलिक राळेचे, ॲसिटोनमध्ये विरघळणारे चिकटद्रव्य वापरणे अधिक योग्य. ते पिवळे पडत नाही, आणि जोड वाकडा बसला तर ॲसिटोनने सोडवून पुन्हा बसवता येतो. तुटलेल्या दोन्ही कडा एकमेकींवर वारंवार घासून ‘बसते का’ ते पाहू नका. प्रत्येक वेळी कडेचे कण झडतात आणि खरोखर जोडायची वेळ येते तेव्हा फट राहते. काड्यापेटीत ते टोक मोकळे खुळखुळत असेल तर आजच त्याला मऊ कापसात ठेवा.

टोक जोडण्याआधी संपूर्ण कान तपासावा. नोटा पारखण्यासाठी दुकानांत वापरतात तसली अतिनील किरणांची छोटी विजेरी येथे उपयोगी पडते. रात्री खोली पूर्ण अंधारी करून तिचा उजेड जगावर तिरका पाडा, आपल्या डोळ्यांवर मात्र येऊ देऊ नका. मूळ झिलई सर्वत्र एकसारखी दिसते. जेथे कुणी पूर्वी गोंद, भरणी किंवा रंग वापरला असेल, तो भाग दुधी, निळसर किंवा पिवळट चमकतो. साध्या डोळ्यांना न दिसणारी जुनी दुरुस्ती अशी उघडी पडते.

बनात कोरडी ओढून काढू नका. त्या काळी सरस (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला गोंद) वापरण्याची पद्धत होती, आणि सरस असेल तर तो कोमट पाण्याने फुगून सुटतो. कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळावा, बनातीच्या एका कोपऱ्यावर पाच मिनिटे ठेवावा आणि कोपरा सैल होतो का ते पाहावे. होत नसेल तर जोर न करता थांबावे, कारण गोंद निराळा आहे आणि त्याला निराळे द्रावण लागेल.

धुण्याविषयी एकच विनंती. ब्लीचिंग पावडर किंवा तत्सम द्रव वापरू नका. झिलईत केसासारख्या बारीक भेगांचे जाळे असेल तर ते द्रव आत शिरतात, सुकल्यावर त्यांचे स्फटिक होतात आणि आतून झिलईचे पापुद्रे सुटू लागतात. प्लास्टिकच्या टबात जाड पंचा अंथरून, कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, एका वेळी एकच जग धुवावा. हातातल्या अंगठ्या आणि बांगड्या आधी उतरवून ठेवाव्यात. टवका उडतो तो बहुधा त्यांच्याच आघाताने. पुण्याचा पावसाळा लक्षात घेता धुतलेला जग दोन-तीन दिवस उघड्यावर पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात बंद करू नये. आणि जग नेहमी दोन्ही हातांनी, तळाखाली एक हात ठेवून उचलावा. कानाला धरून कधीही नाही.

यांतून काही पिण्याचा मोह मात्र टाळावा. जुन्या रंगांत आणि झिलईत शिसे असण्याची शक्यता असते, आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतात.

कायद्याचा वाचक

पुढेमागे परदेशातल्या नातेवाइकांना द्यायचा प्रसंग आला तर उपयोगी पडेल म्हणून एवढेच नोंदवतो. १९७२ च्या पुरावस्तू व बहुमोल कलावस्तू कायद्यानुसार कलावस्तू पुरावस्तू ठरण्यासाठी ती किमान शंभर वर्षांची असावी लागते. आपले जग त्या मर्यादेच्या बरेच अलीकडचे आहेत.

सदाशिवपेठेतून

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तरे वाचून मी तीन रात्री या जगांसोबत घालवल्या आणि जे दिसले ते क्रमाने लिहितो.

दोन तोंडांचा तो लाल जग मी पुन्हा जाऊन पाहिला. विक्रेत्याच्या परवानगीने ओल्या कापसाने त्याचा गळा पुसला, तेव्हा कापूस गुलाबी झाला. मी तो घेतला नाही.

प्रकाशाच्या तपासणीत बॅकस आणि नेपच्यून पूर्ण अपारदर्शक निघाले. मर्लिनच्या आत विजेरी धरली तेव्हा मात्र गालाच्या आणि घुबडाच्या वरच्या पातळ भागांतून मंद पिवळसर उजेड बाहेर आला. तो इतर दोघांपेक्षा हलकाही आहे, हे मला आजवर कधी जाणवले नव्हते. म्हणजे तो आजोबांच्या शेवटच्या काही सफरींपैकी एखाद्या सफरीतला असावा, असे कॅम्पातल्या काकांच्या लिहिण्यावरून वाटते.

मर्लिनची बनात कोमट बोळ्याने दहा मिनिटांत सुटली, आणि सुटताना सरसाचा तो ओळखीचा वास आला. खाली नाव आणि शिक्का व्यवस्थित आहेत, पण शिक्क्यावरून एक खोल, सरळ ओरखडा आरपार गेला आहे. तो माझ्या हातून झालेला नाही. त्याच्या कडांवर जुना मळ बसलेला आहे. याचा काही अर्थ असतो का?

सर्वांत मोठा धक्का नेपच्यूनने दिला. अतिनील उजेडात तुटलेल्या टोकाभोवती काहीच चमकले नाही, परंतु त्रिशूळाचा खालचा भाग जेथे खांद्याला मिळतो तेथे, आणि वर माशाच्या शेपटीपाशी, दोन्हीकडे दुधी निळसर रेषा संपूर्ण गोल फिरलेली दिसली. म्हणजे अख्खा कानच पूर्वी कधीतरी निखळून पुन्हा बसवलेला आहे. घरात कुणालाही याची माहिती नव्हती. आईला विचारले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की आम्ही जन्मण्याच्या आधी एकदा आजी कपाट पुसत असताना काहीतरी पडल्याचा आवाज आला होता, आणि त्यानंतर आजोबा दोन दिवस सुट्टीवर असल्यासारखे टेबलाशी बसून होते. हात लावू नका, असे आजी आम्हाला इतक्या वेळा का सांगत असे, ते आता समजते.

आता प्रश्न असा की आजोबांनी केलेला हा जोड सोडवून नव्याने करावा काय? तो थोडा पिवळा पडलेला आहे, परंतु हलत नाही.

कॅम्पातला संग्राहक

शिक्क्यावरचा ओरखडा कारखान्यातलाच आहे. भट्टीतून निघालेल्या मालात काही लहानसा दोष आढळला, म्हणजे रंगाचा ठिपका, झिलईतले छिद्र किंवा किंचित वाकडेपणा, तर तो नग दुय्यम प्रतीचा ठरवून त्याच्या शिक्क्यावर असा ओरखडा ओढत किंवा खड्डा पाडत आणि तो कमी किमतीत विकत. दोष बहुधा शोधूनच काढावा लागतो. बाजारात अशा नगाला कमी किंमत येते. परंतु पगारातून पैसे बाजूला काढून पुण्याच्या घरासाठी काहीतरी आणणाऱ्या जहाजावरच्या माणसाने तो निवडला असेल, तर त्या ओरखड्याला मी आपल्या जगाच्या इतिहासाचाच भाग मानेन. आपण भिंगाने घुबडाभोवती पाहा. दोष सापडला तर अवश्य कळवा.

मृत्तिका-संवर्धन

आजोबांचा जोड हलत नसेल तर त्याला हात लावू नये, असे माझे मत आहे. तो सोडवताना मूळ कडांचे नुकसान होण्याचा धोका आजच्या फायद्यापेक्षा मोठा आहे. पिवळेपणा सहन होण्यासारखा असेल तर राहू द्यावा. इंजिनिअर माणसाने दोन दिवस बसून बसवलेला कान पन्नास वर्षे टिकला आहे, यातच त्यांच्या हाताची पावती आहे. आपण फक्त टोक जोडून घ्यावे, आणि तेही पावसाळा संपल्यावर, हवा कोरडी झाल्यावर. सवड असेल तर मला संदेश पाठवा. माझ्या देखरेखीखाली ते टोक आपण स्वतःच बसवू शकाल.

एक काम मात्र आजच करा. जाड, आम्लरहित कागदाची एक चिठ्ठी घेऊन तिच्यावर पेन्सिलीने लिहा. शाई नको, ती ओलाव्याने पसरते. नमुन्याचा क्रमांक, टोक कधी तुटले असावे याचा अंदाज, कानाची जुनी दुरुस्ती आजोबांनी केलेली, आणि आपण आता काय केले ते, सगळे तारखेसह. चिठ्ठी जगाच्या आत ठेवावी, चिकटवू नये. नावाच्या रकान्यात नेपच्यून आणि मच्छिंद्रनाथ, दोन्ही नावे लिहावीत. पुढच्या पिढीत कुणी तो जग हाती घेईल तेव्हा घरात त्याला काय म्हणत, हे त्याला दुसरीकडे कुठे सापडणार नाही.

सदाशिवपेठेतून

चिठ्ठी लिहून झाली. आईने दुसरे नाव स्वतःच्या अक्षरात लिहिले. घुबडाच्या डाव्या पंखाखाली, पिसांच्या रेषेत, झिलई न लागलेला मोहरीएवढा ठिपका सापडला आहे. कॅम्पातल्या काकांनी विचारले होते म्हणून कळवतो. नव्या घराचे कपाट तयार होईपर्यंत तिन्ही जग आईच्या खोलीत ठेवले आहेत, आणि मर्लिन आता घुबडासह समोर तोंड करून बसला आहे.